थंड हाताचा भाव

खाटेच्या कडेवर राघू येऊन बसला, तशी हणमंतनं मान वळवली. राघू उजेडाचा होता. भिंतीवरच्या लिंबाएवढ्या दिव्यातून तो उतरायचा, पंख झाडायचा, चोच पुसायचा. फक्त त्याची सावली कुठं पडायची नाही.

"ब," हणमंत म्हणाला. ओठाचा उजवा कोपरा साथ देत नव्हता. "ब... बा..."

राघूनं मान तिरपी केली. हणमंतच्याच आवाजात, दुखण्याआधीच्या त्या भरदार आवाजात, त्यानं शब्द पुरा केला. "बाजार."

"बाजार," हणमंत म्हणाला. सबंध शब्द.

दारात पिठाच्या हातानं उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, सुवर्णानं, श्वास सोडला. तेवढ्यात राघूनं चोच मिटली, पिसं फुगवली आणि तो एका पायावर गप्प बसला. दाणे संपले होते. हणमंतच्या डाव्या मनगटातल्या कड्यावर हिरवा आकडा उमटला: पुढच्या दाण्यांचे नव्वद रुपये. काल पंच्याऐंशी होता.

हणमंत सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात दलाल होता. पाहणाऱ्यांनी नुसतं बघत राहावं आणि सौदा रुमालाखाली व्हावा, बोटांनी बोटं दाबून. त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात, वाचा दोन्ही गेली. वाचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "राघूबाग लावा. खेळच आहे, फुकट आहे. पण त्यातला पाळीव राघू तुटका शब्द ओळखतो, जुन्या ध्वनिफिती ऐकून माणसाचा आवाज उचलतो. बऱ्याच जणांना गुण आलाय." खरंच आला. लाखो लोक करमणुकीसाठी राघू पाळत होते, बागा फुलवत होते. हणमंत त्यातून एकेक शब्द परत आणत होता. खेळाबरोबर कडंही फुकट आलं. ते नाडी मोजायचं, कातडीचा ओलावा बघायचं. 'राघूला तुमचा जीव कळावा म्हणून,' असं डबीवर छापलं होतं.

खेळाचा 'नवख्यांचा कट्टा' होता. नवीन माणसं तिथं विचारायची आणि मुरलेली सांगायची. सुवर्णा थोड्याच दिवसांत मुरली. "बाई गं, सोन्याचा पिंजरा घेऊ नको, राघूला त्याचं काही नसतं. रोजचे फुकट दाणे सकाळीच उधळू नको, शब्दाला शब्द लागतो तेव्हा वापर. सणाची सवलत म्हणजे आधी वाढवलेला भाव. आणि राघू केविलवाणा ओरडत असला की कड्याकडे बघूच नको. रडणाऱ्या पोराला घेऊन कुणी बाजाराला जातं का?"

लोकांना तिचं बोलणं आवडायचं. मध्येच ती जात्यावरच्या चालीत एखादी ओवीही टाकायची:

*रुसू नको राघूराया, दाणा देते डाळिंबाचा,*
*एका दाण्यापाठी दे रे, एक बोल माणसाचा.*

एकदा हणमंतला अंघोळ घालताना तिनं कडं काढून आपल्या हातात अडकवलं. हात दमलेला, मन चुलीवरच्या आधणात. कड्यावर आकडा आला: बारा रुपये. तेच दाणे, तोच राघू.

तिनं कडं परत हणमंतला घातलं. नव्वद.

 सुवर्णानं कंपनीच्या मदत-आवाजाला हाक मारली. आवाज मधाळ होता. "ताई, ही तुमच्यासाठी खास निवडलेली किंमत आहे. ज्याला आनंद जास्त, त्याला मोल जास्त."

"आनंद? अवो, माणूस बोलायला धडपडतोय, छाती भात्यासारखी हलतीय त्याची. त्याच्यावर भाव वाढवता?"

"राघूबाग फुकटच आहे, ताई. खरेदी ऐच्छिक आहे."

"माझा बाप दलाल, माझा नवरा दलाल. बैलाचा दात खोटा सांगणाऱ्याला आमच्या बाजारात उभं करत न्हाईत. आणि भाव बैलाचा असतो, घेणाऱ्याच्या काळजाचा न्हाई. रुमालसुद्धा दोघांच्या हातावर असतो. तुम्ही तो माझ्या डोळ्यांवर टाकलाय आणि माझी नाडी धरून बसलाय."

"तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे," आवाज म्हणाला.

"त्याचाबी भाव लावा मग," म्हणत तिनं तो बंद केला.

कट्ट्यावर तिनं नवा सल्ला टाकला: थंड हात शोधा. ज्याचं काळीज त्या दाण्यात गुंतलेलं नाही, त्याच्या मनगटात कडं घालून खरेदी करा. सल्ला वणव्यासारखा पसरला. कुणी दूधवाल्याच्या हातात कडं घातलं, कुणी शेजारणीच्या. सुवर्णाला स्वतःचाच हात पुरला. खरेदीच्या वेळी ती मुद्दाम आधणाचा, धुण्याचा विचार करायची. बारा, कधी अकरा.

मग एका सकाळी हणमंत म्हणाला, "सु... सु..." आणि राघूची वाट न बघता, ओठ वाकडा करत, घामाघूम होत, "सुवर्णा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "अगं ए" सोडून त्यानं तिला दुसरी हाक मारली नव्हती.

राघूनं चोच मिटली. दाणे घ्यायला तिनं कडं चढवलं. आकडा चढत चढत शंभराच्या पुढं गेला. तिनं आधण आठवलं, धुणं आठवलं, अगदी विजेचं बिल आठवलं. आकडा उतरेना. हणमंत तो आकडा बघत होता. अर्ध्या तोंडानं तो हसला आणि डाव्या हातानं तिचं मनगट दाबलं.

"हसताय काय? मी बुडाले की," ती म्हणाली. डोळे पुसले आणि मग तिला संताप आला. त्या हाकेवर पहिला हक्क तिचा होता, आणि ती कानावर पडायच्या आत कंपनीनं तिची किंमत लावली होती.

आता थंड हात कुणाचा? शेजारणी रोज हणमंतची चौकशी करायच्या. दूधवाला त्याला मामा म्हणायचा. ज्याला हणमंतचं काहीएक वाटत नाही, असं गावात एकच माणूस होतं: भिंतीपलीकडची थोरली जाऊ, निर्मलाआक्का. थोरल्या दिरांचा खिल्लारी बैल हणमंतनं विकून दिला होता. त्यात त्यानं मधले पैसे खाल्ले, असं दिरांनी धरलं. रुमालाखाली काय झालं याला साक्षीदार नसतो. दीर त्या रागातच गेले, आणि आक्का भिंतीपलीकडे राहिली.

सुवर्णा तिच्या उंबऱ्याशी उभी राहिली. "आक्का, तुझा हात पाहिजे थोडा वेळ."

"कशाला? शेण काढायला?"

"न्हाई. तुझा आमच्यावर राग हाय, म्हणून."

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. हसावं की दार लावावं, तिला ठरवता येईना. "म्हंजे माझ्या वैराचा उपेग करणार तू. दलालाचीच लेक. चल."

ती खाटेपासून लांब, पदर घट्ट आवळून बसली. कडं घातलं. आठ रुपये. सुवर्णा खरेदीची खूण दाबणार, इतक्यात हणमंतनं आक्काकडे बघून ओठ हलवले. "व... व..."

"वैनी," राघू म्हणाला.

मिटलेल्या चोचीनं तो कधी बोलत नसे. फुकटचा एक शब्द आज त्यानं दिला, नेमका आज, नेमक्या या हातासमोर.

कड्यावरचा आकडा उसळला. सुवर्णाच्याही वर गेला, तिथं थरथरत राहिला. आक्कानं हात पदराखाली लपवला. पण हिरवा उजेड पदरातून दिसत होता.

"खोटं हाय हे यंत्र," ती म्हणाली.

"खोटं असतं तर बरं झालं असतं, आक्का."

हणमंतनं उशाचा टॉवेल ओढला. सरकत सरकत तो आक्काच्या हातावर टाकला, आपला डावा हात खाली घातला आणि तिची बोटं दाबली. एकदा, मग दुसऱ्यांदा. दलालाच्या घरात नांदलेल्या बाईला ती भाषा ठाऊक होती. बैलाचा भाव. दिरांच्या हाती पैसे आले होते तेवढाच, मधे काही खाल्लं नव्हतं.

"तेवढाच?" आक्कानं विचारलं.

हणमंतनं मान डोलावली.

आक्कानं टॉवेल उचलून त्याची घडी घातली. मग तिनं कडं काढून सुवर्णाच्या ओंजळीत टाकलं. "ह्याला दाणे घालू नको. राघू राहू दे उपाशी. मी येत जाईन रोज, मलाच म्हणू दे वैनी म्हणून. शंभरदा चुकला तरी ऐकीन. मला कुठं भाव लावायचाय?"

सुवर्णा दारात येऊन बसली. अंगाची आग आग होत होती. थंड हात शोधा म्हणून ती जगाला सांगत सुटली होती, आणि कंपनीनं आता थंड हातसुद्धा तापवायला शिकून घेतलं होतं. कट्ट्यावर तिनं लिहिलं: 'बायांनो, बाबांनो, माझा सल्ला चुकला. लपूनछपून घेऊ नका. रुमाल उचला. प्रत्येकानं आपापला आकडा इथं उघड लिहा, कुणासाठी घेताय तेही लिहा. एकाच दाण्याला किती तोंडं बघून किती भाव लावलेत, हे सगळ्यांना दिसू दे.' खाली तिनं स्वतःचा आकडा लिहिला आणि आक्काला विचारून तिचाही.

आकड्यांची रांग लागली. मुक्या पोराच्या बापाचा. विसरभोळ्या बायकोच्या म्हाताऱ्या नवऱ्याचा. प्रत्येक आकडा पहिल्यापेक्षा चीड आणणारा. आत आक्काचा आवाज येत होता, "व न्हाई रे, वै. वै म्हण." सुवर्णाला वाटलं, उचलला रुमाल. आता बघू.

मग एक निरोप आला.

'ताई, मी नवीन आहे. आईच्या राघूसाठी दाणे घेते. मी रोज तिच्यापाशीच असते, तिचं सगळं मीच करते. तुम्ही सांगितलं म्हणून माझा आकडा लिहिला. चार रुपये. सगळ्यांत कमी माझाच आहे, म्हणजे सगळ्यांत थंड हात माझा. ताई, आईसुद्धा या कट्ट्यावर आहे. तिनं तो आता वाचला असेल. तिला मी काय सांगू?'