देवाजीच्या तेरवीला कोणी आलं नाही

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही. माझी आत्या रंभा हिच्यासमोर हे घडलं आणि मरेपर्यंत ती हे सांगत आली. कधी एका शब्दाचा फरक केला नाही.

साल १९५५. पौष महिना. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच. चामोर्शीहून घोटकडे जाताना रस्ता सागवानात शिरतो. तिथून बरंच आत एक कूप होता. कूप म्हणजे जंगलाचा तो तुकडा, ज्यातली झाडं त्या वर्षी तोडायची असतात. धान कापून झाला की आजूबाजूच्या गावांतली माणसं, बायका, सगळे तिथे कामाला जात.

गावाचं नाव सांगत नाही. त्या माणसांची पोरंबाळं अजून तिथे आहेत, आणि मला अजून त्यांचा राग आहे.

भुताची गोष्ट म्हणून रात्रीची वाटही पाहू नका. हे भर उन्हात घडलं.

आधी त्या कूपातली एक रीत सांगतो. ती कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

सागवान पडायच्या आधी आवाज करतं. आधी बारीक करकर, मग जरा जाड. ज्याचा कान तयार आहे त्याला त्या करकरीवरून कळतं की झाड कुठल्या बाजूला येणार. म्हणून आरा शेवटाला आला की आरा ओढणारा गडी हात वर करायचा, आणि सगळा कूप चूप धरायचा. कुऱ्हाडी थांबत. फांद्या सोलणाऱ्या बायका कोयते खाली ठेवत. रडणाऱ्या पोराला आई पदराखाली घेई. बैलाच्या घंटेत गवत कोंबत.

झाड पडेपर्यंत कोणी खोकायचंसुद्धा नाही.

त्या चुपीवर माणसं जगत होती. म्हणून जो ती मोडेल त्याला माफी नव्हती. असा माणूस मेला तर त्याच्या तेरवीला कूपातलं कोणी जेवायला जात नसे. त्याचं नावही पुढे कोणी घेत नसे.

आत्याचा नवरा देवाजी आरा ओढायचा. त्याच्या समोरच्या टोकाला पोचू नावाचा गोंड गडी असायचा.

देवाजी मुळातच कमी बोलणारा. भाजी अळणी झाली तरी सांगायचा नाही, उठून मीठ घ्यायचा. लग्न झालं तेव्हा आत्याला त्याचा फार राग यायचा. काय दगडाशी गाठ मारली, असं ती माहेरी येऊन म्हणायची. मग हळूहळू तिला ते आवडायला लागलं. संध्याकाळी दोघं अंगणात बसत. बोलणं नाही, काही नाही. पण तो कसा बसला आहे यावरून तिला त्याचा सगळा दिवस कळायचा. दिवसभर माणसांची कटकट ऐकून आल्यावर ती घटकाभराची शांतता म्हणजे माझं माहेरच होतं, असं ती म्हणायची.

मग तो दिवस आला.

देवाजीने हात वर केला होता. कूपाने चूप धरली होती. आत्या समोरच, बायकांमध्ये उभी होती.

तेवढ्यात रस्त्याकडून इतवारी मुकादम आला. त्यांच्याच गावचा माणूस. स्वतः कधीकाळी कुऱ्हाड चालवलेला, रीत पुरती ठाऊक असलेला. पण लाकडं न्यायला ट्रक येऊन उभा होता, आणि मुकादमाचं डोकं फिरलेलं होतं.

"अबे देवाजी, झोपून राह्यला का बे? टरक उभा आहे तिकडे."

देवाजीने मान वळवली.

बस. तेवढंच.

झाड त्याच्याच अंगावर आलं. पुढचं आत्या सांगत नसे. मीही सांगत नाही.

चितेची राख थंड व्हायच्या आत मुकादम गावात बोलायला लागला. "मी काई बोललो नाई. देवाजीच बोलला. त्यानंच चूप मोडली."

तिथे असलेल्या प्रत्येकाने मुकादमाचं ओरडणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. प्रत्येकाने. पण पुढच्या साली कोणाला कामावर घ्यायचं हे मुकादम ठरवायचा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आत्या घरोघरी गेली. "तुमी होते ना तिथी? सांगा ना मंग." कोणी म्हणालं, आमी दूर होतो. कोणी म्हणालं, आता बोलून तो वापस येते का? पोचू दारातच आला नाही.

तेरवीला आत्याने भात, वरण, वडे केले. अंगण सारवलं. पळसाच्या पत्रावळी मांडल्या.

कोणी आलं नाही.

अन्न निवलं. माश्या बसायला लागल्या. ज्या माणसाने जन्मभर चूप पाळली त्यालाच चूप मोडणारा ठरवून गाव आपापल्या घरी जेवत बसलं होतं. आत्याने ते सगळं अन्न गुरांपुढे टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती कूपात गेली.

ऊन डोक्यावर आलं होतं. माणसं भाकरी खाऊन उठत होती. आरे आडवे पडलेले, कुऱ्हाडी खाली. पोचू कानस घेऊन आऱ्याचे दात घासत बसला होता. आत्या सरळ मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"माह्या नवऱ्यानं चूप मोडली म्हून गावभर सांगून राह्यला तू. आता माह्या तोंडावर सांग."

मुकादम हसला. "बाई, तुयं डोस्कं ठिकाणावर नाई. घरी जा. सारे होते इथी, विचार कोणाले बी."

आत्याने सगळ्यांकडे पाहिलं. एकानेही नजर दिली नाही. पोचूची कानस चालूच होती. करं... करं... करं...

"मी त्यायले नाई, तुले विचारून राह्यली. सांग."

"सांगतो ना. का भेव आहे का मले? देवाजीच..."

आणि आवाज गेला.

मुकादमाचे ओठ हलत होते. हात हलत होते. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या.

पण आवाज नव्हता...

आत्याला आधी वाटलं आपलेच कान बसले. मग तिने पोचूकडे पाहिलं. कानस दातांवरून पुढे-मागे जात होती... तिचाही आवाज नव्हता. बैलाने मान झटकली. घंटा हलली... वाजली नाही. समोरच्या झाडावर सुतार पक्षी चोच मारत होता. एक बाई घाबरून मागे सरकली. पौषातली सागाची पानं, पापडासारखी वाळलेली, तिच्या पायाखाली चुरली.

काही नाही. कसलाच आवाज नाही.

सगळ्या कूपाने चूप धरली होती. फरक एवढाच, की हात कोणीही वर केला नव्हता.

आणि मग...

करर्र.

बारीक. लांबून.

एकही आरा चालत नव्हता. एकाही बुंध्याला कुऱ्हाड लागलेली नव्हती. सगळ्यांनी वर पाहिलं. एकही शेंडा हलत नव्हता.

मुकादमाने तोंड मिटलं.

करकर थांबली.

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घाम पुसला. मग पुन्हा बोलायला तोंड उघडलं.

कर्रर्र...

या वेळी जाड. आणि जवळ. बरोबर त्याच्या डोक्यावर.

आता माणसं हलली. पडत्या झाडाखालून सरकावं तशी सगळी मुकादमापासून दूर झाली. तो धावत एका बाजूला गेला. आवाज त्याच्यासोबत गेला. तो दुसऱ्या बाजूला पळाला. आवाज तिथेही वर होता. तो हात जोडून काहीतरी सांगत होता, गयावया करत होता, आणि ते कोणालाच ऐकू येत नव्हतं.

आत्या जागची हलली नाही. तिला भीती वाटली नाही. ती सांगायची, मला ती चूप ओळखता आली, आमच्या अंगणातलीच होती ती. कोण कसं बसलंय हे न बघता कळावं, तशी ती चूप तिच्या अगदी बाजूला येऊन बसली होती. तिला रडू फुटलं. त्याचाही आवाज आला नाही.

तेव्हा पोचूने कानस खाली टाकली आणि उभा राहिला.

"मुकादम ओरडला."

हे मात्र ऐकू आलं. लख्ख.

"आऱ्याच्या दुसऱ्या टोकाले मी होतो. देवाजीच्या तोंडातून हूं बी निंघालं नाई. मुकादम ओरडला."

त्या क्षणी सगळं परत आलं. घंटा, पानं, पक्षी, कुठल्यातरी पोराचं रडणं, सगळं एकदम. बायकांनी कानांवर हात ठेवले. मुकादम खाली बसला होता आणि दोन्ही हात डोक्यावर धरून वर बघत होता.

वर काही नव्हतं. काही पडलंही नाही.

पोचू आत्याकडे आला. "वयनी..." म्हणाला.

"काल काऊन नाई बोलला?"

पोचूने खाली पडलेली कानस उचलली आणि तो आऱ्याकडे परत गेला.

त्या संध्याकाळी गाव आत्याच्या दारात आलं. हातात लोटे घेऊन, माना खाली घालून, तेरवीचं जेवायला. आत्याने सगळ्यांना ओळीने बसवलं. पुढ्यात पत्रावळी मांडल्या. आणि वाढलं काहीच नाही.

"जेवण काल होतं. गुरायनं खाल्लं."

कोणी उठलं नाही. उठायची हिंमत नव्हती.

"माह्या नवऱ्याच्या चुपीनं तुमचे जीव वाचले. तुमच्या चुपीनं त्याले मेल्यावर अजून एकदा मारलं. आता बसा चूप. तुमाले मस्त जमते."

रिकाम्या पत्रावळींसमोर ती सगळी माणसं बसून राहिली. अंधार पडला, दिवा लागला, तरी बसून होती. आत्याने कोणालाच माफ केलं नाही. पोचूलाही नाही. तिने करावं असं मला कधी वाटलंही नाही.

मुकादमाने काम सोडलं. त्यानंतर तो खूप वर्षं जगला, पण बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि वर बघायचा. शेवटी तापाने खाटेवरच गेला. त्याच्या मयतीहून परतणाऱ्यांना आत्याने एवढंच विचारलं, "काई पडल्याचा आवाज आला का?"

कोणाला आला नव्हता.

"पाडलं काऊन नाई त्यानं?" ती रागाने म्हणायची. देवाजीवरही तिचा राग होताच. मग जरा वेळाने मला म्हणायची, "एकदा करकरलं म्हंजे झाड पडतेच बाबू. ते कुठीतरी उभं आहे अजून."

आत्या गेली. पोचूही गेला. मागच्या हिवाळ्यात कामानिमित्त मी तिकडे गेलो होतो. कूपाच्या जागी आता धानाच्या बांध्या आहेत. बांधावर एक पोरगेलासा माणूस बिडी ओढत बसला होता. बोलता बोलता कळलं, तो इतवारी मुकादमाचा नातू. मी म्हटलं, इथे पूर्वी देवाजी नावाचा माणूस मेला होता, ऐकलंय का?

"हो ना. आमच्या घरी सांगतेत," तो म्हणाला. "त्यानंच तं चूप..."

पुढचं मला ऐकू आलं नाही.

त्याचे ओठ हलत होते. बिडीचा धूर वर जात होता. समोरून एक बैलगाडी चालली होती... तिच्या चाकांचा आवाज नव्हता.

मी वर पाहिलं.

नजर पोहोचेल तिथपर्यंत एकही झाड नव्हतं. आणि तरी ते करकरत होतं.