हळदीच्या गाण्याचा निनावी चोर

पळस्प्याजवळच्या त्या अंगणात समीक्षा शिरली, तेव्हा एक तरुण शिडीवर चढून हळदीच्या मांडवाची झालर सोडवत होता.

"अशोक कुमार इथेच राहतात?" तिने विचारलं.

"नाय. प्रणित राहतो... चालंल?"

वकीलबाई समीक्षाला हसू आलं, ते तिने कसंबसं गिळलं. ज्याचं नावच ठाऊक नाही अशा माणसावर दावा लावायचा असला की वकील मंडळी त्याला अशोक कुमार म्हणतात. या अशोक कुमारने एका कंपनीचं हळदीचं नवंकोरं गाणं, बाजारात यायच्या आधीच, टोपणनावाच्या खात्यावरून इंटरनेटवर टाकलं होतं. कोर्टाने हुकूम दिल्यावर इंटरनेटवाल्यांनी सांगितलं, गाणं या घरच्या कनेक्शनवरून गेलंय. कनेक्शन प्रणितच्या नावावर; तिच्या तोंडून मात्र दाव्यातलंच नाव गेलं होतं. समीक्षाने नुसती खात्री करायची, की दाव्यात त्याचं नाव घातलं जाणार होतं. सिनियर वकील असलेल्या सरांनी तिच्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम.

तिने हे सगळं सांगितलं, तसा तो शिडीवरून उतरला. चेहरा पार पडला होता.

"बंदरात नोकरी लागतेय मला. त्याआधी पोलिसांची चौकशी चालू हाय. आता दावा लागला तर..." मग उगाचच हसला. "बसा तरी. चोराच्या घरचं पाणी चालतं ना?"

ते हसू... छे! समीक्षाने मुद्दाम मान वळवली. समोर मांडवाच्या खांबाला एक पुठ्ठा बांधला होता – 'वायफाय फुकट', आणि खाली चक्क पासवर्ड!

"हे काय?"

"बहिणीची हळद होती. सगल्यांनी लांबच्या पाव्हण्यांना फोनवर दाखवावी म्हणून लावला. अख्खा गाव वापरत होता."

"म्हणजे गाणं कोणीही टाकलं असेल!" समीक्षाला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. "कोणी टाकलं?"

प्रणित पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "माझंच नाव लिहा."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे. अहो, नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

"कोण आहे ती एवढी?" विचारताना तिचा आवाज जरा चिरकलाच.

"मी हाय!" चहा घेऊन आलेल्या रंभाआत्या, प्रणितच्या सख्ख्या आत्या, दारातूनच म्हणाल्या. "गान्यात मागं बाया गातात ना, त्यांत माजा आवाज हाय. रेकॉर्डिंगवाल्यानं ऐकाया पाठवला, मी टाकला. माजाच आवाज, मंग चोरी कसली गो?"

"आत्या, आत जा!" प्रणित ओरडला. आत्या कसल्या जातायत!

समीक्षा हसून हसून बेजार झाली. मग तिने नीट समजावलं, की आवाज आत्यांचा, पण गाणं कंपनीचं. आत्या गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे गाणं काढून टाकलं.

सर आधी कुरकुरले. समीक्षा हटली नाही. कनेक्शन ज्याचं तोच चोर, असं कसं म्हणायचं? आणि गाणाऱ्या बाईलाच कोर्टात खेचलं, तर उद्या गावातली कुठली बाई तुमच्यासाठी गाईल? हे मात्र कंपनीला पटलं. आत्यांनी माफी मागितली आणि दावा मागे घेतला गेला.

ही बातमी फोनवर सांगता आली असती. समीक्षा स्वतः गेली.

"सुटलात तुम्ही," ती फाटकापाशी म्हणाली. "अहो, आनंद नाही झाला?"

"झाला ना... पण दावा चालला असता तर दर तारखेला तुमी दिसला असता." तो कानापर्यंत लाल झाला. "नाव लिहा म्हणालो, ते अर्धं आत्यासाठी..."

"आणि अर्धं?"

त्याने हळूच तिच्याकडे बोट केलं.

"वेडे आहात! दावा चालू असता तर मला तुमच्याशी धड बोलताही आलं नसतं." समीक्षाने एक श्वास घेतला. "आणि मला बोलायचं होतं... पहिल्या दिवसापासून. आवडलात तुम्ही मला."

प्रणितने फाटक सताड उघडलं. "मंग या ना आत. निवांत बोलू. आत्या पन घरात नाय."

"हाय रं मी!" आतून आवाज आला. "चहा टाकलाय दोघांचा!"