बाबांनी भात का सोडला?

"सगळ्यांच्या बॅगा उघडा," हॉलच्या मधोमध उभं राहून रावसाहेबकाकांनी फर्मान सोडलं.

सगळ्यांच्या म्हणजे नेमक्या कोणाच्या, हे विचारायची गरजच नव्हती. काका बोलत होते सगळ्यांना आणि बघत होते एकट्या उन्मेषदादाकडे.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. जूनच्या सुट्टीत ते नागपूरहून सिंगापूर बघायला आले होते आणि येताना नवा कोरा डिजिटल कॅमेरा घेऊन आले होते. वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये पाऊल ठेवल्यापासून त्यांनी लिफ्टचे, नूडल्सचे, इतकंच काय, शेजाऱ्यांच्या दारातल्या चपलांचेसुद्धा फोटो काढले होते. तो कॅमेरा सोमवारी टेबलावरून गायब झाला. घरात माणसं मोजकीच होती. आई, बाबा, तेरा वर्षांची हर्षा, तिचा धाकटा भाऊ उज्ज्वल आणि मागच्या खोलीत भाड्याने राहणारा उन्मेषदादा. तो इथल्या विद्यापीठात संशोधन करायचा. घरचं कोणी चोरी करणार नाही, मग उरलं कोण? काकांचं गणित इतकं सोपं होतं. मोठ्या माणसांची गणितं कधीकधी फारच सोपी असतात.

उन्मेषदादाने बॅग उघडली. आत पुस्तकं, दोन शर्ट आणि चिवड्याचा डबा निघाला. काका ओशाळले असतील म्हणाल, तर छे! त्यांनी आईला बाजूला घेऊन बजावलं, की शनिवारपर्यंत कॅमेरा मिळाला नाही तर या मुलाला दुसरी खोली शोधायला सांग. आईने विरोध करून पाहिला, पण काकांपुढे घरात कोणाचं काही चालत नसे. बाबा तर त्यांच्यापुढे अजूनही शाळकरी पोरासारखे उभे राहायचे. फ्लॅटच्या भिंती पातळ. दादाने सगळं ऐकलं आणि रात्री जेवायला तो बाहेर आलाच नाही.

हर्षाचा जीव तुटत होता. गेल्या वर्षी तिच्याकडून शाळेच्या कॅल्क्युलेटरवर मायलोचा, म्हणजे चॉकलेटच्या दुधाचा, अख्खा कप सांडला होता. ती भराभर बटणं दाबून पाहत होती, तेवढ्यात दादाने तो हातातून काढून घेतला होता. "भिजलेली वस्तू चालू होते का, हे लगेच बघायचं नाही. आधी बॅटरी काढायची, पुसायचं आणि मग धीर धरायचा," असं त्याने तेव्हा शिकवलं होतं. मग त्याने तो उघडून एकेक भाग पुसला होता आणि कॅल्क्युलेटर अजून चालत होता. असा माणूस चोर?

दुसऱ्या दिवशी तिने समोरच्या ब्लॉकमधल्या मैत्रिणीला, प्रियदर्शिनीला, बोलावून घेतलं. प्रियदर्शिनीला संशय घ्यायची उपजत हौस. तिने आधी काकांवर संशय घेतला, मग आईवर, मग उज्ज्वलवर. उज्ज्वल इथल्या मुलांच्या ढंगात भडकला. "मी कशाला घेऊ? क्रेझी लाह!"

"ओरडू नकोस," हर्षा म्हणाली. "मला एक विचित्र गोष्ट दिसली आहे. पण ती बाबांबद्दल आहे."

गोष्ट अशी होती. घरात रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे सगळे मिळून वंदना म्हणत, उन्मेषदादासुद्धा. त्या दिवशी काकांनी दुसरं शील, म्हणजे न दिलेली वस्तू न घेण्याचं, इतक्या ठसक्यात म्हटलं की दादाची मान खाली गेली. पण चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा बाबांना अचानक खोकला आला. ते शील संपलं आणि खोकलाही थांबला.

"खोकला कोणालाही येतो," प्रियदर्शिनी म्हणाली खरी, पण तिचे डोळे चमकले होते. बाबांवर पाळत ठेवायचं ठरलं.

मग एकेक गंमत दिसू लागली. बाबा म्हणजे भाताचे भक्त. पोळीने काय पोट भरतं, असं म्हणणारा माणूस. त्यांनी त्या रात्री आईला सांगितलं, की आता आठवडाभर पोळ्याच कर. आई तरीही काकांसाठी भात टाकायला तांदळाच्या डब्याकडे वळली, तर बाबा टुणकन उठले. मीच काढून देतो, म्हणाले. मीठ कुठल्या बरणीत असतं हे ज्यांना ठाऊक नाही, ते बाबा वाटीने तांदूळ मोजत होते, तेही सगळ्यांकडे पाठ करून! बाहेर येताना त्यांनी हर्षाच्या गालावर टपली मारली. त्यांच्या बोटांना एरंडेलाचा वास येत होता.

तो वास हर्षाच्या ओळखीचा होता. इथल्या दमट हवेत तांदळाला पोरकिडे लागू नयेत म्हणून आई नागपूरच्या सवयीने तांदळाला एरंडेल चोळून ठेवायची.

बुधवारी दुपारी बाबा ऑफिसात होते आणि आई काकांना रॅफल्स प्लेस दाखवायला घेऊन गेली होती. मागच्या खोलीतून खोक्याला चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता. दादा सामान बांधत होता. तिघं स्वयंपाकघरात शिरली. उज्ज्वलने कोपरापर्यंत हात तांदळात खुपसला आणि त्याचा चेहराच बदलला.

त्याने बाहेर काढला काकांचा कॅमेरा. तेलकट, दाणे चिकटलेला, आणि काचेच्या आत धुकं साचलेलं.

"भिजलाय," हर्षा हळूच म्हणाली. प्रियदर्शिनीचं बोट बटणाकडे गेलं, तशी हर्षाने तिचं मनगट घट्ट धरलं. "दाबू नकोस. दादाचा नियम!"

तिने बॅटरी काढली, कार्ड काढलं आणि मऊ कापडाने तेल टिपून घेतलं. पण वाळवायचा कशात? हे तेल चोळलेले तांदूळ तर ओल शोषणार नव्हते. उज्ज्वलला आठवलं, की बुटांच्या नव्या खोक्यात पांढऱ्या पुड्या असतात, ओल शोषून घेणाऱ्या. मग काय, तिघांनी कॉरिडॉरमधलं एकेक दार ठोठावलं. शेजारच्या मिसेस तान यांनी तर पिशवीच हातात दिली. "टेक लाह, टेक ऑल!" घट्ट झाकणाच्या डब्यात पुड्या, पुड्यांमध्ये कॅमेरा, आणि डबा हर्षाच्या पलंगाखाली गेला.

उज्ज्वलला लगेच काकांना सांगायचं होतं. हर्षाने डोळे पुसले. बाबांनी असं करावं, याचं तिला फार वाईट वाटलं होतं. "आपण सांगितलं तर काका म्हणतील, दादाला वाचवायला पोरांनीच बनाव रचला. हे बाबांनीच सांगायला हवं."

म्हणून तांदळात कॅमेऱ्याच्या जागी, बाबांच्याच हाती लागावी अशी, साबणाची डबी गेली.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे हॉलमध्ये बसले होते, प्रियदर्शिनीसुद्धा. दादाचं खोकं दाराशी येऊन ठेपलं होतं. हर्षाने आईकडे वरणभाताचा हट्ट धरला, काकांनीही दुजोरा दिला. आई उठायच्या आत बाबा स्वयंपाकघरात पोहोचले. झाकणाचा आवाज आला. मग तांदूळ उपसल्याची खसखस.

बाबा बाहेर आले ते हातात साबणाची डबी घेऊन. मनगटाला तांदूळ चिकटले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, तुम्ही काय शोधत होता?" प्रियदर्शिनीने बाबांना अगदी साळसूदपणे विचारलं.

बाबा खाली बसले आणि एकदाचं सगळं बोलले. सोमवारी त्यांनी मित्रांना दाखवायला कॅमेरा न विचारता सेम्बावांगच्या जहाजगोदीतल्या ऑफिसात नेला होता. बॅगेतल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल होतं. तांदळात पुरून ठेव, दोन दिवसांत वाळतो, असं तिथल्या मित्राने सांगितलं. चालू करून बघायचीही त्यांची हिंमत झाली नव्हती. भित्रेपणाचा तेवढाच काय तो फायदा झाला.

"अहो, माझ्या तांदळाला एरंडेल असतं!" आईने कपाळावर हात मारला. मग तिचा आवाज उतरला. "आणि हा मुलगा? तो घर सोडून निघाला होता."

"चुकलं माझं," बाबा दादाकडे बघत म्हणाले. "मोठ्या भावाला घाबरलो आणि तुझा बळी देत होतो."

हर्षाने डबा आणला. काचेतलं धुकं पार गेलं होतं. काकांनी हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला.

"त्याच्याकडे दे," ते उन्मेषदादाकडे बोट दाखवून म्हणाले. "बटण तोच दाबेल. पोरा, मी तुझी बॅग उघडायला लावली. माफ कर मला."

दादाने बॅटरी बसवली, कार्ड बसवलं. बटण दाबलं. लेन्स जरा कुरकुरत बाहेर आली आणि पडदा उजळला. त्यावर शेवटचा फोटो होता बाबांचा, डोक्यावर हेल्मेट, तोंडभर हसू. आधी आई हसली, मग काका, आणि शेवटी दादाही. "मी बसल्या जागी चोर ठरवला, आणि या पोरांनी शोध लावून वस्तूसुद्धा वाचवली," काका म्हणाले आणि त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. बाबांनी दाराशी ठेवलेलं खोकं उचललं, मागच्या खोलीत नेलं आणि दादाची पुस्तकं एकेक करून स्वतःच्या हाताने फळीवर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेला काकांनी उन्मेषदादाला आपल्या शेजारी उभं केलं. दुसरं शील त्यांनी हलक्या आवाजात म्हटलं. चौथं आलं, तेव्हा उज्ज्वलने हळूच बाबांकडे पाहिलं. बाबांना खोकला आला नाही.