लपायची पाळी

ऐकू येऊन राहिलं का? बोलायची गरज नाही. हातातल्या रेडिओ सेटचं बटण एकदा दाबून सोड, मला इकडे खट् वाजेल.

...अच्छा. आहे म्हणजे कोणीतरी.

मग सेट छातीशी धर आणि निवांत बस. आज लपायची पाळी माझी आहे. लपणाऱ्याने बोलत राहायचं असतं, नाहीतर शोधणारे शोधतील कशाच्या भरवशावर? गाणं मला येत नाही, म्हणून गोष्ट सांगते. माझं नाव चिन्मयी. मराठी माझी अर्धी नागपूरची, अर्धी जबलपूरची. पुण्याची मावशी ऐकून हसते. हसू दे तिला.

तर सुरुवात झाली एका टेपपासून. सुतार मोजायला वापरतात ना, पोलादी पट्टीचा, सोडला की सर्रकन आत जाणारा, तो. विष्णू काकांनी मला तो आणायला गोहलपुरात पाठवलं होतं. काका विजय नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. टेलिफोनच्या नोकरीतून रिटायर झालेले, आणि गच्चीवर तारांचा नुसता पसारा. बाबांची रेल्वेतली बदली झाली, आम्ही इकडे जबलपूरला आलो, तेव्हापासून संध्याकाळी मी त्या तारांखाली जाऊन बसायची. एक दिवस काका म्हणाले, "रोज इथे काय करून राहते गं?"

"काही नाही."

"मग ते जरा बाजूला ठेव आणि मला एक टेप आणून दे."

खरं सांगू? या गावात आल्यापासून मला कोणी काम म्हणून सांगितलं नव्हतं. कॉलेजात वर्ष काढलं मी, तरी हजेरीत माझं नाव आलं की पोरी वळून बघायच्या, ही कोण म्हणून. एखाद्या दिवशी मी परतली नसती तर आई-बाबा सोडून कोणाला पत्ताही लागला नसता. त्या एका टेपसाठी मी सगळं गोहलपूर पालथं घातलं.

ती पट्टी कापून प्लास्टिकच्या पाइपावर बसवली की अँटेना होते, माशाच्या काट्यासारखी दिसते. ही केतनसाठी होती. काकांचा हौशी रेडिओवाल्यांचा क्लब आहे, आणि केतन त्यातला सगळ्यात हुशार. मराठी त्याला समजते सगळी, पण उत्तर हिंदीत. तर दर रविवारी दुपारी हे लोक लपंडाव खेळतात. एक जण सेट घेऊन गावात कुठेतरी लपतो आणि बोलत राहतो, बाकीचे त्याच्या आवाजाच्या मागावर. नियम साधे. सापडल्याशिवाय बाहेर यायचं नाही. शोधणाऱ्याने खांद्यावर हात ठेवून 'सापडला' म्हणायचं, तेव्हा खेळ संपला. आणि ज्याने शोधलं, पुढची पाळी त्याची.

नवीन माणसाला अँटेना देत नाहीत. त्याला काका फिरायला शिकवतात. सेट छातीशी घट्ट धरायचा आणि उभ्या जागी हळूहळू गोल फिरायचं. आपलं अंग आवाजाला आडवं येतं. फिरता फिरता एका बाजूला तोंड केलं की आवाज बारीक होतो, खरखर वाढते. तिथे थांबायचं.

"आवाज जिथे मरतो ना बेटा," काका म्हणाले, "तिथे तो माणूस बरोबर तुझ्या पाठीमागे असतो."

मी झटकन मागे वळून पाहिलं. मागे सुनेत्रा काकू पोह्याची प्लेट घेऊन उभ्या होत्या. सगळे हसले, आणि मी पण हसली.

खेळाच्या आधी काका गच्चीवरून सेटवर हजेरी घेतात. एकेक नाव, एकेक उत्तर. माझं लायसन्स यायचं होतं, म्हणून मला बोलायची परवानगी नव्हती, नुसतं ऐकायचं. तर माझं नाव आलं की काका स्वतःच म्हणायचे, "चिन्मयी ऐकून राहिली आहे." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी नदीवरच्या ग्वारीघाटाला जाणाऱ्या ऑटोत होती. डोळ्यांत पाणीच आलं बाई. ऑटोवाले भैया विचारून राहिले, क्या हुआ दीदी.

सगळ्यात शेवटी काका म्हणायचे, "आणखी कोणी?" आणि थांबायचे. इतका वेळ, की मला वाटायचं माझा सेटच बंद पडला.

त्या रविवारी केतन लपला होता. बाकीच्यांच्या जोड्या लागल्या आणि मी उरली. घाटाच्या पायऱ्या उतरून गेली, तर खालच्या पायरीवर एक मुलगी बसलेली, माझ्याच वयाची. हातात आमच्यासारखाच सेट, पण जुना, जाडजूड. मांडीवर स्टीलचा डबा.

"क्लबची का?" मी विचारलं.

"हो. अंजनी." तिने माझ्या सेटकडे पाहिलं. "पाळी कोणाची आहे?"

"केतनची."

"अच्छा..." ती म्हणाली. "मला वाटलं, माझीच चालून राहिली."

आम्ही दोघी मिळून शोधायला लागलो. मी फिरली. फुलं-दिवे विकणाऱ्यांकडे तोंड केलं की केतनचा आवाज बारीक व्हायचा, म्हणजे तो माझ्या पाठीमागे, काठाला बांधलेल्या नावांच्या बाजूला. मग अंजनी फिरली. अख्खा एक गोल. तिच्या छातीवर केतनचा आवाज जसाच्या तसा, खणखणीत. "तुझा सेट बिघडला," मी म्हटलं आणि माझा तिला दिला. ती परत फिरली, आणि परत तसंच. आवाजाच्या वाटेत मधे कोणी उभंच नव्हतं म्हण. ती ओशाळून हसली आणि सेट मला परत दिला.

केतन एका पालथ्या नावेमागे सापडला. "अकेली ने ढूँढ लिया? क्या बात है!" म्हणाला. अंजनी माझ्या शेजारी उभी होती. मला असा राग आला ना!

"याला दिसत नाही का?" मी तिला म्हटलं.

"राहू दे गं. सवय आहे."

सवय तर मलाही होती. कँटीनमध्ये पोरी माझ्या डोक्यावरून एकमेकींशी बोलतात. म्हणून मला त्यात काही विचित्र वाटलंच नाही बघ. शोधलं मी, म्हणून पुढची पाळी माझी होती, पण काकांनी ती लायसन्स येईपर्यंत राखून ठेवली.

मग दर रविवारी अंजनी त्या पायरीवर असायची. ते रविवार आठवले की डोळ्यांवर झापड येते. झेंडूचा वास, कापराचा वास, ओल्या दगडाचा. नावाडी कुठेतरी दूर हाका मारायचे, त्या हाका पाण्याखालून आल्यासारख्या मंद ऐकू यायच्या. अंजनी डबा कधी उघडायची नाही, पण माझा हात धरून झाकणावर ठेवायची. "अजून गरम आहे, बघ." आणि खरंच असायचा. आम्ही काय काय बोलायचो, किती बोलायचो, आणि ऊन तिथेच, त्याच पायरीवर. घरी गेली की आई म्हणायची, "अगं, एवढ्यात आली?" मला मैत्रीण मिळाली होती. एवढं सुख झालं होतं मला की दुसरं काही सुचत नव्हतं.

मग एक दिवस गच्चीवर काकांच्या हाताखाली काम करता करता मी सहज विचारलं, "काका, आणखी कोणी म्हणून तुम्ही इतकं काहून थांबता?"

काकांच्या हातातला स्क्रू पिळायचा पेचकस थांबला.

"एक मुलगी होती क्लबात," ते म्हणाले. "तुझा जन्मही झाला नसेल तेव्हा. तिची लपायची पाळी होती. आईच्या हातचा गरम डबा घेऊन निघाली..."

"मग?"

"दिवसभर बोलत होती. मी इथेच आहे, या ना, म्हणायची. आम्ही सेट छातीशी धरून फिरून राहिलो, फिरून राहिलो... आवाज कुठेच मरेना, बेटा. कोणत्याच बाजूला. मग पोलीस झाले, नावाडी झाले, पाणबुडे झाले. आवाज आपला हळूहळू विरत गेला." काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "खेळ मी बंद केला नाही. कसा करू? सापडल्याशिवाय ती बाहेर येणार नाही ना."

"नाव... काय होतं तिचं?"

मला माहीत होतं. तरी विचारलं.

"अंजनी," काका म्हणाले.

घाबरली मी. जेवण गेलं नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला. पण रात्री पांघरुणात रडू आलं ते भीतीचं नव्हतं. एक मैत्रीण मिळाली होती, ती पण जाणार, याचं होतं. पुढच्या रविवारी घरी बसायला पाहिजे होतं. मी गेली.

"काकांनी सांगितलं वाटतं," अंजनी म्हणाली. ती पाण्याकडेच बघून राहिली होती.

मी नुसती मान हलवली.

"खूप वेळ झाला गं लपून..." ती म्हणाली. "तू तो शब्द म्हण ना."

"म्हटलं की तू जाशील."

"घरी जाईन."

"आणि मी?"

"मग पाळी तुझी. तुला शोधतील."

"मला कोण शोधेल, अंजनी?"

ती हसली. "बघ तर खरं."

तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, शपथ. फार थकली होती ती, आणि मला... मला खरंच बघायचं होतं. मी हात उचलला. खांदा थंडगार असेल असं वाटलं होतं, पण उन्हात वाळलेल्या चादरीसारखा कोमट होता.

"सापडली," मी म्हटलं.

तिने आपला जुना सेट आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला, उठली, आणि माझ्या समोरून पायऱ्या चढून गेली. माझ्या सेटवर काका कोणाशी तरी बोलत होते. ती समोरून जाताना त्यांचा आवाज क्षणभर बारीक झाला, खरखर वाढली. ती पुढे गेली आणि आवाज परत साफ झाला.

मग मी लपली. कुठे ते सांगणार नाही, ती चीटिंग होईल. पाणी जवळ आहे आणि कापराचा वास येतो, एवढंच सांगते. लायसन्सचं काका बघून घेतील.

आधी केतन आला, तीच टेपची अँटेना घेऊन. इतका जवळ, की त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसला. चारी बाजूंना अँटेना फिरवली, परत फिरवली, आणि मटकन खालीच बसला. "चिन्मयी, बस कर यार, बाहर आ जा." आणि मग, ज्याच्या तोंडून कधी मराठी निघाली नाही तो पोरगा म्हणाला, "ये ना गं..."

मग नावाडी आले, बांबू घेऊन. कॉलेजच्या पोरी आल्या, त्याच, वळून बघणाऱ्या. माझा फोटो फोनवर घेऊन घाटभर विचारत फिरल्या. बाबा आले. आई तर पायरीवर बसूनच राहिली, हाका मारून मारून आवाज बसला तिचा. मी बटण दाबून सारखी सांगून राहिली, आई, इथेच आहे मी, इथेच. उठून मात्र जाता येत नाही. नियम आहे. एवढी माणसं मला शोधतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, आणि इतकं रडू आलं.

ऊन अजून त्याच पायरीवर आहे, म्हणजे फार वेळ झाला नसेल. फक्त मघाशी केतन परत आला तेव्हा त्याचं बोट धरून एक छोटी मुलगी होती, त्याला पप्पा म्हणून राहिली होती. याचं लग्न कधी झालं? मला बोलावलं पण नाही.

थोड्या वेळाने काका हजेरी घेतील. नेहमी ऐकते मी. सगळी नावं घेतात, मग म्हणतात, "आणखी कोणी?" आणि थांबतात. मी इकडून ओरडून ओरडून सांगते. कोणी काही बोलत नाही. मग खूप वेळाने, अगदी हळू आवाजात काका म्हणतात, "चिन्मयी ऐकून राहिली आहे." आणि सेट बंद करतात.

चल, माझं पुरे झालं. आता तू ऊठ. सेट छातीशी धर. हळू फीर... आणखी... पूर्ण गोल. कुठे बारीक होऊन राहिला का माझा आवाज?

कुठेच नाही?

बरं. घाबरू नको. हात पुढे कर, खांदा लागेल. मग तो एक शब्द म्हण. तुला वाटून राहिलं असेल, मला कोण शोधेल... शोधतात. खरंच शोधतात. आणि भुकेची काळजी करू नको, डबा अजून गरम आहे.