टीव्हीवरचं कापड

हे खरं घडलंय. पटत नसेल तर इथेच थांबा, मला वाद घालायचा नाही. वाद घालून घालून माझं डोकं आधीच उठलंय.

तुम्हाला वाटेल रात्र असेल, लाइट गेले असतील, घुबड घुमत असेल. तसलं काही नाही. नोव्हेंबरातला शनिवार, भर दुपार. किकिंडा गावातलं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. आणि घुबडांचं म्हणाल, तर इथे चौकातल्या झाडाझाडावर घुबडं बसतात. आम्ही त्यांच्याखालून भाजीच्या पिशव्या घेऊन जातो.

तो पितरांचा शनिवार होता. उकडलेला गहू आणि मेणबत्त्या घेऊन सगळं गाव दफनभूमीत गेलं होतं. आईसुद्धा.

माझा भाऊ वुकाशिन जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

चाळिसावा दिवस होईपर्यंत मेलेल्याचा जीव घरातच फिरतो, असं आमच्यात मानतात. तो त्यात अडकू नये म्हणून आरसे झाकतात. टीव्हीही झाकतात. आईने टीव्हीवर काळं कापड टाकलं होतं, आणि निघताना दारातून मला बजावलं होतं, "इस्क्रा, काय करायचं ते करा. पण त्या कापडाला हात लावायचा नाही."

आम्हाला करायचं होतं ते असं.

वुकाशिनकडे शाळेपासूनचा एक व्हिडिओ गेम होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायची, तसला. त्यातल्या एका कॅसेटमध्ये त्याने वर्षानुवर्षं खेळून एक गाव वसवलं होतं. घरांना आमची नावं. आईच्या घराचं नाव गोर्दाना, आणि त्याच्या खिडकीत कायम दिवा. आजारपणात तो आईला म्हणायचा, "बरा झालो की तुला तुझं घर दाखवतो."

तो बरा झाला नाही.

ते गाव कॅसेटमधल्या बटणाएवढ्या सेलवर टिकून होतं. सेल संपत आला होता. तो बदलायला काढला तरी गाव पुसलं जाणार. आईला ते घर कायमचं पाहता यावं, म्हणून मला त्याचं रेकॉर्डिंग हवं होतं. बाकी काही नको होतं.

आणि हे काम येणारा नात्यात एकच प्राणी. माझा मावसभाऊ रेल्या. गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकतो, लोक बघतात म्हणे.

आला तो थेट बाटलीकडे. राकियाचा, म्हणजे आमच्या फळांच्या दारूचा, ग्लास भरला आणि घटाघट प्यायला.

"आधी वुकाशिनच्या नावाने दोन थेंब खाली सांड," मी म्हटलं. "कोणाच्या घरी आलायस?"

"फरशी चिकट होईल ना गं तुझी!"

माझं डोकं तिथेच सटकलं.

त्याने पिशवीतून अंगठ्याएवढं रेकॉर्डिंगचं एक यंत्र काढलं. एका बाजूने गेमच्या वायरी घालायच्या, दुसरी बाजू लॅपटॉपला. "हे कशालाही चालतं. जुनं असो, नवं असो. वुकाशिन उगाच भाव खायचा."

यावरून दोघांचं कायम वाजायचं. वुकाशिन म्हणायचा, जुन्या मशीनचं चित्र वेगळं असतं, ते रेकॉर्ड करायला त्याचाच डबा लागतो.

रेल्याने गेम सुरू केला. लॅपटॉपवर गाव दिसलं. वुकाशिनचा तो छोटा माणूस रस्त्यावर उभा होता.

पण त्याला...

सावली नव्हती.

"अगं, घाबरतेस काय!" रेल्या हसला. "या जुन्या गेममध्ये सावली लुकलुकते. हे स्वस्तातलं यंत्र अर्धी चित्रं गाळतं, म्हणून नेमकी सावली गेली."

"म्हणजे वुकाशिनचं बरोबर होतं."

त्याने ते यंत्र उपटून पिशवीत फेकलं. मग दुसरा एक चकचकीत डबा काढला, तर त्याला जुन्या वायरी लावायला जागाच नाही. तो फक्त नव्या मशीनचा. शेवटी झक मारत त्याने वुकाशिनचा खण उघडला आणि वुकाशिनने स्वतः निवडलेला डबा जोडला.

सावली आली. चित्र काचेसारखं स्वच्छ.

मला रडू आलं. पण या माणसाने रडू दिलं तर ना!

"उशीर होतोय," तो कुरकुरला. "बटण आत्ता दाबतोय आणि लॅपटॉपवर हा शहाणा मागाहून हलतोय. असं खेळता येत नाही. डब्यातून एक वायर टीव्हीला जाते, तिथे लगेच दिसतं. टीव्हीत बघून खेळायचं, लॅपटॉपवर नुसतं रेकॉर्ड होऊ द्यायचं. सगळे असंच करतात."

"कापड काढायचं नाही."

"मावशी यायच्या आत परत टाकू."

"रेल्या, नाही म्हटलं ना!"

"अरे हो, तुझा भाऊ टीव्हीत अडकेल, नाही का?"

आणि त्याने कापड ओढलं.

खालून दफनभूमीकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता...

तो बंद झाला.

एकदम. स्वयंपाकघरातला फ्रिजही गप्प. नुसती गेमची बारीक धून वाजत राहिली.

मी त्याला इतकं बोलले की विचारू नका. तो मात्र टीव्हीत बघून खेळायला लागला. तो छोट्या माणसाला चौकात घेऊन गेला, वळवला, विहिरीपाशी थांबवला. मी रागाने तोंड फिरवून लॅपटॉपकडे बघत होते.

तिथे माणूस विहिरीपासून निघाला होता.

टीव्हीत तो अजून उभाच होता.

"रेल्या... लॅपटॉपवर उशिरा दिसतं म्हणालास ना?"

"हो. मग?"

"मग इथे आधी का दिसतंय?"

तो हसायला गेला. तेवढ्यात टीव्हीतला माणूसही निघाला, नेमका त्याच वाटेने. रेल्याचं तोंड उतरलं. त्याने खेळायचा रिमोट जमिनीवर ठेवला. हात वर केले.

माणूस चालतच राहिला.

लॅपटॉपवर तो गोर्दाना घराशी पोचला. दार उघडलं. आत गेला.

मग खिडकीतला दिवा...

विझला.

टीव्हीत तो अजून दाराकडे चालला होता.

"वुकाशिन, नको!" मी ओरडले. कोणावर ओरडले, मला ठाऊक आहे. भाऊ असला म्हणून काय झालं! ते आईचं घर होतं. मी टीव्हीमागे धावले, हात घालून वायरी चाचपल्या आणि गेमचा प्लग उपटला.

धून थांबली. टीव्हीचा उजेड विझला.

पण रेल्याच्या तोंडावर लॅपटॉपचा उजेड हलतच होता.

मी टीव्हीमागे होते, मला लॅपटॉपचा पडदा दिसत नव्हता. फक्त त्याचा चेहरा दिसत होता. तो बघत होता. पापणी न हलवता. प्लग माझ्या हातात, मशीन बंद, आणि तो काहीतरी बघत होता. मग त्याने तोंडावर हात दाबला आणि लॅपटॉप मिटला.

"काय दिसलं?"

तो लॅपटॉपच्या वायरी उपटायला लागला.

"रेल्या, काय दिसलं ते सांग!"

त्याने लॅपटॉप छातीशी धरला आणि पळाला. कोटसुद्धा इथेच राहिला. जिना उतरताना त्याचे पाय ऐकू आले, मग पुन्हा रस्त्यावरच्या गाड्या, मग फ्रिज.

मी मशीन परत लावून पाहिलं. कॅसेट कोरी. गाव नाही, घरं नाहीत.

आई आली. टीव्ही उघडा पाहून ओरडेल वाटलं होतं. तिने कापड उचललं, झटकलं, घडी करून कपाटात ठेवलं.

"झाकत नाहीस?" मी विचारलं.

"आता कोणासाठी?" ती म्हणाली.

त्याला आता बरेच महिने झाले. रेल्याने व्हिडिओ टाकणं बंद केलंय. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे आहे. मी मागितलं, त्याच्या दारावर लाथा घातल्या, त्याच्या आईसमोर शिव्या दिल्या. देत नाही. पुसलं का विचारलं, तर म्हणतो, "पुसत नाहीये." तो पुसत नाही की ते पुसलं जात नाही, तेही धड सांगत नाही.

मात्र रोज सकाळी न चुकता फोन करतो. मी कशी आहे, विचारत नाही. एकच विचारतो.

"मावशी उठली का?"

मी उठली म्हणते. तो सुस्कारा टाकतो आणि फोन ठेवतो. एक दिवस मी त्याचा गळा धरणार आहे.

आणि आई? ती रोज जेवताना विचारते, "वुकाशिनने बांधलेलं माझं घर कधी दाखवतेस गं? रेल्याकडे आहे ना ते?"

काल ती मला न सांगता कोट घालून निघाली होती. रेल्याकडे. त्या खिडकीतला दिवा विझलेला तिला दिसायला नको, म्हणून मी बाहेरून दाराला कुलूप लावलं. ती आत दार ठोकत होती, शिव्या देत होती, आणि मी बाहेर जिन्यात किल्ली मुठीत धरून बसले होते.