मागच्या सीटचा पट्टा

सासू पहिल्यांदा खोटं बोलली तेव्हा मी पावाला आवोकादो फासत होते.

सासू म्हणजे आमचं यंत्र. खाणीतले पंप दुरुस्त करायला कलामा शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिक-अपमध्ये कंपनीने ते बसवलंय. गाडी कुठे आहे, ड्रायव्हरचे डोळे मिटतायत का, कुणी पट्टा लावायचा राहिलाय का, सगळ्यावर त्याची नजर. चुकलात की बाईच्या आवाजात टोकतं आणि लगेच कंट्रोल रूममधल्या माझ्या पडद्यावर चहाडी करतं. नाव ड्रायव्हरांनी ठेवलं. चपखल ठेवलं.

त्या दुपारी पडद्यावर आलं: मागच्या सीटवरील प्रवाशाने पट्टा लावलेला नाही.

गाडी एवारिस्तो काकांची होती. काका डोंगरातल्या खाणीवर सामान टाकून एकटेच परत येत होते. मी फोन लावला.

"काका, मागे कोण बसलंय?"

"मागे? माझं जॅकेट बसलंय."

"जॅकेट उचला मग."

जॅकेट ओढल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "उचललं, पोरी. सासू अजून बोलतेय."

मी हसले आणि पाव खाल्ला. यंत्रं बिघडतात. आमची तर जास्तच.

पण पुढच्या खेपेला तेच झालं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. गाडी एवारिस्तो काकांची, वाट परतीची आणि जागाही तीच: अनिमितेचं वळण.

आमच्याकडे रस्त्यावर ज्या जागी जीव जातो तिथे घरच्यांनी एक हातभर उंचीचं घर बांधायचं, त्याला अनिमिता म्हणतात. त्या वळणावरची कुणा लहान मुलाची आहे. नाव कधीच उडालंय. भोवती प्लास्टिकची रंगीत भिरभिरी रोवलेली. येणारा-जाणारा ड्रायव्हर तिथे त्या मुलासाठी हलकेच हॉर्न वाजवतो. म्हणजे वाजवायचा. या हिवाळ्यात राजधानीतून, सँतियागोहून उंदुर्रागा साहेब आमचे सुरक्षा-प्रमुख होऊन आले आणि विनाकारण हॉर्न म्हणजे बेदरकार चालवणं, असा नियम निघाला. सासू हॉर्न मोजायला लागली. पगार कापला जाईल म्हणून आमच्या गाड्या त्या वळणावरून मुक्याने जायला लागल्या.

उंदुर्रागांनी मला आणि काकांना केबिनमध्ये बोलावलं.

"हा म्हातारा वाटेत लोकांना लिफ्ट देतो," ते माझ्याकडे बघून म्हणाले. काका समोर उभे असताना.

"कॅमेऱ्यात सीट रिकामी दिसते, साहेब," मी म्हटलं.

"खाली वाकून बसवतो. मुरलेला आहे."

"मी वाकवून बसवीन असा माणूस तुम्हीच दाखवा," काका म्हणाले. "सोबत तरी होईल."

"विनोद पुरे. पट्टा लावल्याची नोंदही आहे. रिकाम्या सीटला पट्टा कोण लावतं?"

"मी लावतो. न लावावा तर सासू गाडीला ताशी विसाच्या वर जाऊ देत नाही. त्या उतारावर विसाने चालवून बघा एकदा. मागून ॲसिडचे टँकर येतात."

उंदुर्रागांनी ऐकलंच नाही. परवानगीशिवाय माणूस बसवला की सरळ घरी, हा नियम. काकांची निवृत्ती तोंडावर आलेली. उभी हयात या रस्त्यांवर एकाही गाडीला ओरखडा न येऊ देता काढली, आणि आता चोरून माणसं वाहणारा म्हणून जायचं. मी बरीच वर्षं हे काम करतेय. कंपनी ज्याला सुरक्षितता म्हणते ना, ती माणूस मेल्यावर चूक कुणाच्या गळ्यात घालायची याची आगाऊ तयारी असते. माणूस जगला तर तो वरचा फायदा.

"मी जाते त्यांच्यासोबत," मी म्हणाले. "डोळ्यांनी बघते."

"जा. पण पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. पट्टा लागला तर आत माणूस होता, असंच मी धरणार."

खरं सांगायचं तर काकांसाठी निघाले होते, पण मला कुतूहलही होतं. पडद्यावर वर्षानुवर्षं ठिपके बघणाऱ्या बाईला ठिपक्याच्या आत काय असतं ते बघायचं होतं.

जाताना काही घडलं नाही. खाणीवर सामान उतरवलं, डाळीचं सूप प्यायलो, परत निघालो. मागची सीट मी हाताने चाचपली. जॅकेटसुद्धा ठेवू दिलं नाही. काकांच्या गालात, उंचीवर दम लागू नये म्हणून धरलेली, कोकाची पानं होती, आणि ते सासूच्या नकला करत होते: "एवारिस्तो, शिंकलास का? एवारिस्तो, बायकोला फोन केलास का?" मी हसून हसून दमले.

वळण आलं तसे त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले.

वारा इतका की वाळू काचेवर तडतडत होती. अनिमितेपाशी भिरभिरी उभी होती, लाल, पिवळी, निळी. एकही फिरत नव्हतं. मी मान वळवून नीट बघितलं. वाऱ्याने त्यांच्या काड्या वाकत होत्या आणि पाती जागची हलत नव्हती.

काकांचा अंगठा हॉर्नवर गेला. माझ्याकडे बघून त्यांनी तो काढला.

"मागच्या सीटवरील प्रवाशाने पट्टा लावलेला नाही," सासू म्हणाली.

मी मागे बघितलं. रिकामी सीट. मागच्या काचेतून येणारं ऊन आणि त्यात तरंगणारी धूळ.

"बघितलंस?" काका म्हणाले.

"बघितलं. यंत्र बिघडलंय."

"यंत्राकडे बघ."

पुढच्या छोट्या पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र होतं. यंत्राला चेहरा सापडला की ते त्याच्याभोवती हिरवा चौकोन काढतं. एक काकांभोवती होता, एक माझ्याभोवती. तिसरा मागच्या सीटवर होता. त्याच्या आत सीटचं कापड होतं, दुसरं काही नाही. चौकोन लहान होता, आणि सीटच्या पाठीच्या निम्म्यावर.

मी सरकून बसले. माझा चौकोन माझ्याबरोबर सरकला. तिसऱ्याने किंचित बाजूला होऊन माझ्याकडे तोंड केलं, असं मला वाटलं. चौकोनाला तोंड नसतं हे मला कळतं.

गाडी विसावर आली. तीव्र उतार, एका अंगाला कडा, दुसऱ्याला दरी. बाजूला घ्यायला जागा नव्हती.

मागून भोंगा वाजला.

आरशात टँकरचं नाक. त्याचे ब्रेक किंचाळत होते आणि तो मोठा मोठा होत चालला होता.

"काका, वेग!"

"सासूला सांग!"

मी माझा पट्टा सोडला. दोन सीटमधून मागे घुसले. मागचा पट्टा ओढला आणि रिकाम्या जागेवरून बकलकडे नेला.

तो मध्येच अडला.

ओढून बघितला. सीटपासून वीतभर वर, हवेत, पट्टा ताणून थांबला होता. कशाला तरी वळसा घालून. फार जाड नाही अशा कशाला तरी.

"यास्ना!" काका माझ्यावर ओरडले.

मी पट्टा थोडा सैल केला. आपण लहानांना लावताना करतो तसा. तोंडातून आपोआप निघालं, "चल, सोन्या."

खट्.

गाडीने उडी घेतली. टँकर आरशात लहान झाला.

मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. पुढे पडद्यावरचा लहान चौकोन पिवळा झाला होता. डोळे मिटले की तो पिवळा होतो.

काकांनी बघितलं.

"झोपलं वाटतं," ते म्हणाले, आणि कलामा येईपर्यंत एकही खड्डा लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी उंदुर्रागांनी पट्ट्याची नोंद माझ्यासमोर धरली.

"कुणी लावला?"

"मी."

"कुणाला?"

"सीटला. टँकर आमच्यावर चढत होता, आणि तुमची सुरक्षा आम्हाला विसाने चालवत होती. त्याचं चित्रणही आहे, साहेब. युनियनला दाखवू?"

ते चित्रण त्यांनी बघितलं. तिसऱ्या चौकोनापाशी थांबवलं, पुन्हा लावलं, मग बंद केलं. यंत्रातला दोष, असं लिहून टाकलं. काकांच्या गाडीला नवं यंत्र बसलं. नोकरी वाचली.

आठवड्याभराने काका माझ्या टेबलापाशी आले. हातात मला आणलेली, खिमा भरलेली गरम एम्पनाडा.

"त्या वळणावर आता शांत आहे, पोरी. मागे कुणी बसत नाही."

"बरं झालं की."

"हो," काका म्हणाले. "आणि भिरभिरी फिरतात." पण त्यांचा चेहरा पडलेला होता. जाता जाता विचारलं, "तुझी ती जुनी गाडी अजून चालते का गं?"

चालते. माझ्या गाडीत सासू नाही, कॅमेरा नाही, साधा रेडिओ धड नाही. मी एकटी राहते. मागच्या सीटवर कधी कुणी बसत नाही.

आज सकाळी काचेवर बर्फ साचलं होतं. ते खरवडताना आत लक्ष गेलं. मागचा पट्टा लावलेला होता, लहान वळसा घालून. मी दार उघडून बकलला हात लावला. बोटं चिकटतील इतकं गार होतं.

पट्टा मात्र ऊबदार होता.

मी तो सोडला नाही. दार हळू लावलं.