जिवंतपणीची उदबत्ती

सिनेमाच्या पडद्यावर, पूर्वजांच्या देव्हाऱ्यात तिचाच फोटो होता!

दिएपने तो लगेच ओळखला. तोच फोटो... सायगॉनच्या स्टुडिओत लग्नाआधी काढलेला, देश सोडताना जिवापाड जपलेल्या रेशमी पोशाखाच्या घडीत घालून आणलेला, आणि "मा, दे ना मला, उशाशी ठेवीन," असा लेकीने हट्ट धरला म्हणून विश्वासाने देऊन टाकलेला! त्याच्यापुढे उदबत्त्या जळत होत्या, भाताच्या वाटीत चॉपस्टिक्स उभ्या खोचल्या होत्या, मेलेल्या माणसासाठीच खोचतात तशा, आणि सिनेमातली मुलगी गुडघे टेकून रडत होती.

ह्यूस्टनच्या त्या हॉलमध्ये नेल सलूनमधल्या सगळ्या बायकांना दिएपनेच हौसेने आणलं होतं. तिच्या लेकीने, उयेनने सिनेमा काढला होता, इथे जन्मून घरात एक आणि बाहेर एक होऊन जगणाऱ्या आपल्या पोरांचा! त्या कौतुकात दिएपचे पाय जमिनीवर नव्हते. आता शेजारची होआ तिच्या कानाशी लागली.

"अगबाई, दिएपताई! जित्या माणसाचा फोटो देव्हाऱ्यात? पोरीला काही शिकवलंस की नाही?"

दिएप उठली आणि सिनेमा अर्धा टाकून घरी आली.

नवरा गेल्यावर चालून आलेलं स्थळ तिने या पोरीसाठी परतवलं होतं, परक्या बायकांची नखं घासताना ॲसिटोनचा वास छातीत भरून घेतला होता... आणि पोरीने सगळ्या गावासमोर तिचंच मरण मांडलं! अशी कशी निष्ठुर झाली ही!

मागोमाग उयेन धापा टाकत आली. "मा, सिनेमा आहे गं तो! नटीचा फोटो लावला असता तर खोटं वाटलं असतं."

"खरं वाटावं म्हणून मला मारलंस? माझ्याच फोटोला उदबत्ती लावताना हात नाही कापला तुझा?"

"तू शेवटपर्यंत थांबलीच नाहीस, मा..."

"शेवटी काय, मला पुरतात?"

उयेनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "शेवटी ती मुलगी खरं सांगते. शाळेत तिने सगळ्यांना सांगितलेलं असतं, आई वारली म्हणून. आणि सलूनच्या कपड्यांत घ्यायला येते, ती घरची मोलकरीण आहे म्हणून..." उयेन जमिनीवरच बसली. "ती मी आहे, मा. मला तुझी लाज वाटायची."

दिएप खुर्चीत बसली. शाळेतल्या त्या गोऱ्या बाई तिला आठवल्या... एकदा त्यांनी फाटकाशी तिचे हात हातात घेतले होते, डोळ्यांत पाणी आणून खूप काही बोलल्या होत्या. दिएपला त्या इंग्रजीतलं एक अक्षर कळलं नव्हतं. लेकीचंच कौतुक असणार, असं समजून ती हसत हसत मान डोलवत राहिली होती. स्वतःच्याच मरणाचं सांत्वन तिने हसून स्वीकारलं होतं!

"म्हणजे आज नाही," ती कशीबशी म्हणाली, "मला तेव्हाच मारलंस तू."

"हो, मा."

काळजातला सल तसाच होता, तो एका दुपारात निघणारा नव्हता. पण समोर गुडघ्यांत तोंड खुपसून हुंदके देणारं ते पोर तिचंच होतं.

"माफी मागायची तर सिनेमातल्या फोटोची कशाला?" दिएप म्हणाली. "मी अजून बसलेय ना समोर! सकाळपासून पोटात अन्न नाही माझ्या. वाढ मला."

उयेनने डोळे पुसत भात गरम केला आणि दोन्ही हातांनी वाटी आईपुढे धरली. चॉपस्टिक्स कुठे ठेवाव्यात, हेच तिला सुचेना.

"आडव्या ठेव, बाळ," दिएप म्हणाली. "मला खायचंय."